गल्लीतला फळा : प्रकल्प नोंदी, मार्च ते नोव्हेंबर २०२४

१७ मार्च, रविवार

पुण्यात नारायण पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी, शिंप्याचं जे दुकान आता कायमचं बंद आहे त्याच्या बाजूच्या भिंतीवर एक फळा आहे. वर पांढऱ्या अक्षरात "वार्ताफलक", खाली काळा रंग नावाला पण उरलेला नाही, सगळं करडं, त्यावर क्लासच्या, कॉट बेसिसच्या आणि पेस्ट कंट्रोलच्या जाहिराती एकावर एक चिकटवलेल्या.

गेल्या गुरुवारी पाणी बंद होतं. आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला, आम्ही पिंप भरून ठेवलं, विषय संपला. गुरुवारी सकाळी फुलवाल्या मावशी रोजच्यासारख्या बाहेरच्या नळाला बादली लावून उभ्या. मी म्हणलं मावशी आज पाणी नाही, ग्रुपवर आलं होतं की. त्या म्हणाल्या कुठला ग्रुप. बरोबरच आहे त्यांचं. मग घरी येऊन सहज मोजायला बसलो, इस्त्रीवाले मामा, खानावळीतल्या दोघी ताई, कचरा न्यायला येणारी ताई, गिरणीतला पोरगा, रात्रीचा वॉचमन, अभ्यासिकेतली तीसेक पोरं. अख्खा दिवस गल्लीत असणारी निम्मी माणसं ग्रुपवर नाहीतच, आणि ग्रुपवर आहेत त्यातले चारजण तर केव्हाच कोथरूड नाहीतर अमेरिकेत गेलेत.

तर फळा नीट करायचा. माझा अंदाज दोन रविवार आणि पाचशे रुपये. हा अंदाज मुद्दाम इथे लिहून ठेवतोय, पुढे वाचताना मजा येईल. मी हिशेब लिहिणारा माणूस आहे, सुतारकाम शाळेत कार्यानुभवाच्या तासाला केलं तेवढंच.

२३ मार्च, शनिवार

भिंत ज्या वाड्याची, त्याच्या मालकांना फोन केला. अटी तीन: राजकारण लिहायचं नाही, कागद चिकटवायचे नाहीत, लाकडी खांबाला भोक पाडायचं नाही. तिन्ही मान्य केल्या आणि हेच मेसेजमधे पण टाका म्हणलं. हे सगळ्यांनी करा, पुढे दोनदा कोणीतरी येऊन "परवानगी आहे का" विचारलं तेव्हा तो मेसेज दाखवूनच सुटका झाली.

संध्याकाळी फळा काढायला गेलो. सहा खिळे, चार गंजून गेलेले, पहारीने हलकेच उचकटला आणि मागून गांधीलमाश्या. पोळं चांगलं वाटीएवढं. एक पापणीवर चावली, दोन मानेवर. दोन दिवस एका डोळ्याने जग बघितलं. जुनी कुठलीही गोष्ट भिंतीवरून काढणार असाल तर आधी लांब काठीने ठोकून बघा आणि पाच मिनिटं लांब उभे राहा, एवढंच.

२५ मार्च, धुळवड

लिहायला लाज वाटतेय. काढलेला फळा मी भिंतीला टेकवून ठेवला होता, म्हणलं डोळा उघडला की घरी नेऊ. काल होळी. गल्लीतली पोरं दुपारपासून लाकडं गोळा करत होती, त्यांना भिंतीला टेकवलेली जुनी फळी दिसली, त्यांनी ती होळीत टाकली. पोरांचा काही दोष नाही, मला विचारलं असतं तर मी पण ओळखली नसती, इतकी ती फळी वाटत होती.

इस्त्रीवाले मामांनी वरची पट्टी तेवढी ओढून वाचवली. "वार्ताफलक" शाबूत, "क" ची शेपूट जळालेली. पट्टी सागवानी आहे, चार फूट. म्हणजे आता दुरुस्ती नाही, नवा फळा.

३१ मार्च, रविवार

सकाळी जुन्या बाजारात. एका माणसाकडे जाहिरातीच्या फलकाचा जुना गॅल्व्हनाइज्डचा पत्रा मिळाला, चार बाय सहा, थोडा पोचे आलेला, ४५० रुपये. मला वाटलं पत्रा म्हणजे कसं, वाळवी नाही, फुगणं नाही, पावसाची काळजी नाही. स्वतःवर खूष होऊन स्कूटरवर आडवा धरून आणला, वाटेत वाऱ्याने पतंग झाला असता, थोडक्यात वाचलो. यापुढे रिक्षा.

९ एप्रिल, गुढीपाडवा

आज फळा लावायचा होता. नाही लागला.

झालं असं की पत्र्याला आधी रेड ऑक्साइड मारला, त्यावर घराशेजारच्या दुकानात मिळाला तो काळा ऑइल पेंट, दोन्ही मिळून ३८० रुपये. वाळल्यावर दिसायला झकास, आरसाच. खडूने लिहायला गेलो तर खडू नुसता घसरतो, काचेवर लिहिल्यासारखा. चकाकणाऱ्या रंगावर खडू चालत नाही, त्याला थोडी खरखर लागते, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली. म्हणलं पॉलिश पेपरने चमक घालवू, तर घासताना रंग पापुद्र्यासारखा निघायला लागला, नखाने ओढला तर वीतभर पट्टा सुटून हातात. खाली पत्रा तसाच चकचकीत.

मागच्या बोळात एक पेंटरकाका राहतात, पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, फ्लेक्स आल्यापासून काम बंद. त्यांच्याकडे तो पट्टा घेऊन गेलो. त्यांनी बघितलाच नाही, नुसतं विचारलं, "जस्ताचा पत्रा ना? मग धरणारच नाही." जस्ताच्या थरावर साधा ऑइलचा प्रायमर तात्पुरता बसतो आणि मग खालून सुटतो, त्याला वेगळा एच प्रायमर, म्हणजे जस्ताला धरून बसणारं अस्तर, लागतो आणि त्याआधी पत्रा घासून तेलकटपणा धुवून काढावा लागतो. एवढं करण्यापेक्षा प्लाय घ्या म्हणाले. आणि वर, "मला आधी विचारायचं होतंत." हे वाक्य पुढच्या सहा महिन्यांत किमान दहावेळा ऐकलंय.

२१ एप्रिल, रविवार

काल भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन प्लाय आणला. दुकानदार आधी कमर्शियल प्लाय दाखवत होता, जवळजवळ निम्म्या भावात. काकांनी बजावून पाठवलं होतं की शिक्क्यावर ७१० आकडा बघ, आयएस ७१० म्हणजे मरीन, तो उकळत्या पाण्यातल्या परीक्षेला टिकणारा डिंक वापरून केलेला असतो, ३०३ लिहिलेला उघड्यावर पावसात लावायचा नाही. १२ मिलिमीटरचा, चार बाय तीन फूट, ९५ रुपये चौरस फूट म्हणजे ११४० झाले, कापायचे ५०, रिक्षा २००.

आज काका स्वतः आले. बसले खुर्चीवर, काम मी केलं. क्रम असा: आधी पूर्ण पाटीवर पॉलिश पेपर, मग अस्तराचा एक हात, वाळला की जिथे खड्डे दिसतात तिथे लांबी (पुट्टी) भरायची, पुन्हा घासायचं, पुन्हा अस्तर, मग फळ्याचा काळा रंग. हा रंग फळ्याचाच मागायचा, तो मुळात मॅट असतो. अर्धा लिटरचा डबा २१०, अस्तर आणि लांबी ३२०. पातळ हात दोन, पहिला आडवा दुसरा उभा, मधे एक रात्र. मी एकाच हातात जाड मारायला निघालो तर काकांनी ब्रश काढून घेतला.

२५ एप्रिल

रंग वरून वाळलाय म्हणून लिहायला गेलो, काका म्हणाले तीन दिवस थांब. थांबलो. मग लगेच लिहायचं नाही, खडू आडवा धरून अख्ख्या फळ्यावर फासायचा, पार पांढरा करायचा, आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. असं नाही केलं तर पहिली अक्षरं रंगात बसतात आणि पुसल्यावर पण भुतासारखी दिसत राहतात. मी एका कोपऱ्यात मुद्दाम न फासता "श्री" लिहून बघितला. तो "श्री" नोव्हेंबरपर्यंत दिसत होता.

१० ते १२ मे

अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला होता, तो गेला, कारण भिंत.

भिंत जुनी, चपट्या विटांची, मधे चुना पण नाही, चिखलाचं बांधकाम. ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत, आणि गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) घातली की गिट्टीच गरगर फिरते. चार ठिकाणी करून बघितलं, चारही भोकातून मूठमूठभर माती. घाबरून थांबलो, नाहीतर मालकांची भिंत माझ्या फळ्यापायी खाली. मग म्हणलं खालच्या जोत्याच्या दगडात बोल्ट घेऊ. तो काळा दगड, तिथे उलटं, अर्धा इंच आत जाईपर्यंत दोन बिटं मोडली, १४० रुपये.

शेवटी उपाय वेल्डरने सांगितला. जोत्याचा दगड भिंतीच्या बाहेर सहा इंच आलेला आहे, त्यावरच लोखंडी अँगलची चौकट उभी करायची, सगळं वजन दगडावर, आणि वर नुसती मागे खेचून धरायला दोन आकडे, ते बंद दुकानाच्या लोखंडी शटरपेटीला. म्हणजे भिंतीला भोक नाही, खांबाला भोक नाही. चौकट १६००, नटबोल्ट वगैरे १८०. मी आधी दोन दिवस भिंतीला भोकं पाडत बसलो नसतो तर हे एका दिवसात झालं असतं.

१२ला संध्याकाळी फळा उभा राहिला, वर मामांनी वाचवलेली जळकी पट्टी. "क" ला शेपूट काढून देऊ का म्हणून काकांना विचारलं, राहू दे म्हणाले.

पहिला मजकूर: "उद्या सोमवार १३ मे, मतदान. ओळखपत्र न्यावे." अक्षरं पहिल्या ओळीत हातभर आणि शेवटच्या ओळीत मुंगीएवढी झाली, ओळ उजवीकडे चढत गेली, लक्ष्मी रोडपर्यंत गेली असती. एक आजोबा थांबून पूर्ण वाचून म्हणाले, "न्यावे मधला य अर्धवट दिसतोय."

१९ मे

लिहिण्याबद्दल. चार बाय तीनच्या फळ्यावर रस्त्यापलीकडून वाचता यायला हवं असेल तर अक्षर दोन इंचाचं लागतं आणि सहाच ओळी बसतात. मी दहा कोंबायचो. काकांची पद्धत: दोरीला खडूची पूड लावून सूत मारायचं, सहा आडव्या रेघा पडतात, आधी प्रत्येक शब्दाची जागा बोटाने मोजायची, मग अक्षरं, शिरोरेषा सर्वात शेवटी एका दमात. आता जमतंय.

खडू उठून दिसावा म्हणून कोणीतरी सांगितलं साखरेच्या पाण्यात भिजवून लिहा. खरंच ठसठशीत दिसतं, आणि हाताला पण लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी "दळण आज दुपारी ४ नंतर" हे वाक्य मुंग्यांनी लिहिलेलं होतं. अक्षरश: अक्षरावर मुंग्या. साध्या पाण्यात भिजवलेला खडू पुरेसा आहे.

आणि एक गोष्ट जी मी ठरवली नव्हती. आमच्या गल्लीत सम-विषम पार्किंग आहे, पी वन पी टू, विषम तारखेला एका बाजूला आणि सम तारखेला दुसऱ्या. तारीख कुणाच्या लक्षात राहते, टोइंगची गाडी आली की पळापळ. मी सहज कोपऱ्यात "आज विषम, गाड्या गिरणीच्या बाजूला" लिहिलं. तीन दिवसांत लोक मजकूर नाही, तो कोपराच आधी बघायला लागले. एक दिवस आठ वाजेपर्यंत लिहिलं नाही तर दोघांनी दाराची बेल वाजवली.

९ जून

काल दुपारी तुफान पाऊस. शहरात सगळीकडे पाणी साचलं, आमच्या गल्लीत घोट्यापर्यंत. फळा धुवून स्वच्छ, ते अपेक्षितच होतं. पण आज बघितलं तर खालची कड फुगून पुस्तकासारखी उघडलीये. काका आले, वाकून खालून हात फिरवला, "खालच्या कडेला रंगच नाही." नव्हताच. समोरून दिसत नाही म्हणून मी मारलाच नव्हता. मरीन प्लाय पृष्ठभागावर कितीही चांगला असला तरी पाणी कडेतूनच पितो. चार दिवस घरात पंख्याखाली वाळवला, फुगलेलं घासलं, लांबी भरली, चारही कडांना अस्तराचे तीन हात. उरलेल्या डब्यातच भागलं.

आणि वर छज्जा केला. कशाचा, तर त्याच जुन्या बाजारातल्या पत्र्याचा. त्याला रंग धरत नव्हता, इथे रंगच नको. वाकवून घ्यायचे २५०. पहिल्यांदा बसवला तेव्हा उतार जरा मागे गेला आणि पागोळ्या बरोबर फळ्यावरच पडायला लागल्या, मग पुढे उतार देऊन कडेला बोटभर ओठ वळवून घेतला. आता आडवा पाऊस सोडला तर अक्षरं टिकतात.

३० जून, रविवार

आज दोन्ही पालख्या पुण्यात. काल रात्री लिहून ठेवलं: माउली भवानी पेठेत पालखी विठोबा, तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबा, दोन मुक्काम. कितव्या वाजता कुठला रस्ता बंद हे पण पेपरमधून बघून लिहिलं. खानावळीतल्या ताईंनी खाली भर घातली, "वारकऱ्यांसाठी पिठलं भाकरी, ११ पासून". माझ्याशिवाय दुसऱ्या हाताने लिहिलेली ही पहिली ओळ. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

११ जुलै, गुरुवार

मोठी चूक. काल संध्याकाळी घाईत एका मेसेजवरून लिहून टाकलं "उद्या गुरुवार, दिवसभर पाणी बंद". बंद होतं, पण दुसऱ्या भागात, त्या यादीत नारायण पेठ नव्हतीच. यादी तिसऱ्या ओळीपर्यंत वाचून मी थांबलो होतो.

खानावळीने रात्री अकरापर्यंत जागून सगळी पातेली भरली, दुपारी फक्त वरण भात ठेवला. फुलवाल्या मावशींनी पहाटे मंडईजवळच्या बहिणीकडून दोन कळशा आणल्या, आणि इथे पोचल्या तर नळाला धो धो पाणी. मला बघून म्हणाल्या, "दादा, आधी पाटी नव्हती तेव्हा एक दिवस पाणी नव्हतं. आता पाटी आहे तर पाणी असून नाही." काय बोलणार. दिवसभर फळ्यावर माझ्या नावाने माफी लिहून ठेवली होती, ती पुसायला कुणी तयार नव्हतं.

तेव्हापासूनचा नियम: पाणी, वीज, रस्ता यातलं काहीही लिहिण्याआधी मूळ सूचना पूर्ण वाचायची, भागाचं नाव बोट ठेवून बघायचं, आणि ओळीच्या शेवटी कधी लिहिलं ती वेळ टाकायची. "कळले असे" लिहायचं नाही.

२५ जुलै, गुरुवार

पहाटेपासून पाऊस थांबलेला नाही, खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल केव्हाच पाण्याखाली, सिंहगड रोडला एकतानगरीत सोसायट्यांमधे पाणी शिरलं. शाळांना सुट्टी. आमची गल्ली नदीपासून चालत दहा मिनिटं आणि थोडी चढावर, त्यामुळे इथे काही नाही, पण माणसं सकाळी सातपासून फळ्यापाशी, छत्र्या घेऊन. फोन सगळ्यांकडे आहेत तरी फळ्यापाशी. पूरग्रस्त म्हणजे काय हे इथल्या जुन्या लोकांना सांगावं लागत नाही. एक आजोबा १२ जुलै १९६१ला नऊ वर्षांचे होते, सकाळी पानशेत फुटलं, पुढे खडकवासला पण गेलं, ते पाणी त्यांच्या वाड्याच्या जिन्याच्या कितव्या पायरीला होतं ते ते अजून आकड्यात सांगतात. अकरावी. मी फळ्यावर काय लिहू विचारलं तर म्हणाले, "जे नक्की आहे तेवढंच. त्या दिवशी पण निम्मे लोक अफवा म्हणून घरीच बसले होते."

तर लिहायचं कशाने हा प्रश्न होता, पाऊस आडवा, खडू पाच मिनिटांत वाहून जातो. मुलीच्या दप्तरातला मेणखडू काढला. मेण ओल्यावर पण उमटतं, पाण्याने जात नाही, दिवसभर मजकूर टिकला. मी हुशार.

२७ जुलै

मी हुशार नाही. मेणखडू फडक्याने जात नाही, साबणाने जात नाही. टर्पेंटाइन आणलं, ९० रुपये, त्याने मेण गेलं आणि मेणाबरोबर फळ्याचा रंग पण गेला, मधोमध ताटाएवढा तपकिरी डाग. काकांनी बघून एवढंच विचारलं, "घासलंस किती जोरात?" पुन्हा काळा रंग, २१०. पावसाळ्यात दमट हवेत वाळायला पाच दिवस, तेवढे दिवस सम-विषम मामांच्या इस्त्रीच्या टेबलावर पाटीवर लिहून ठेवलं. पावसात काही लिहायचंच असेल तर पाटी घरातून लिहून छज्ज्याखाली आतल्या बाजूला टांगा.

१ ऑगस्ट

काल ३१, विषम. आज १, परत विषम. लोकांना वाटलं मी पुसायला विसरलो, सगळ्यांनी गाड्या आपणहून दुसऱ्या बाजूला लावल्या आणि सात गाड्या उचलल्या. फळ्यावर बरोबर लिहिलेलं होतं हो! यापुढे ३१ तारखेला खाली ठळक लिहायचं: "उद्या पण विषमच".

२२ ऑगस्ट

अभ्यासिकेतली पोरं गेले तीन दिवस शास्त्री रस्त्यावर आंदोलनात होती. २५च्या राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या दिवशीच बँकेची पण परीक्षा आली होती. आज दुपारी एकजण धावत आला, खडू घेतला आणि मला न विचारता अख्खा फळा पुसून एकच ओळ लिहिली, "२५ची पूर्व पुढे ढकलली!!!" दळण, पार्किंग, हरवलेली किल्ली, सगळं गेलं. मी जरा चिडलो. मग बघितलं तर त्याचा हात थरथरत होता, म्हणलं राहू दे. पार्किंगचा कोपरा तेवढा परत लिहिला.

यावरून एक दुरुस्ती केली. पांढऱ्या ऑइल पेंटने एक उभी रेघ मारली, डावीकडचा एक फूट कायमचा पार्किंग आणि पाणी यासाठी, तो कुणी पुसायचा नाही. उरलेला सगळ्यांचा. खडू दोरीने बांधून ठेवला, तो चोरीला गेला, दुसरा ठेवला, तो पण. आता मामांकडे डबा ठेवलाय, मागून न्यायचा आणि परत द्यायचा.

१८ सप्टेंबर

गणपतीचे दहा दिवस मंडळाचा मांडव फळ्याच्या बरोबर पुढे आला, बांबू आणि पडदा. कार्यकर्त्यांशी बोललो, भांडलो नाही, त्यांनी पडद्याला खिडकीएवढा भाग मोकळा ठेवला आणि बदल्यात आरतीच्या वेळा मी लिहायच्या असं ठरलं. विसर्जनाच्या दिवशी सगळ्यात जास्त काय लिहिलं गेलं असेल तर हरवलेल्या चपला. "डावी, चॉकलेटी, नऊ नंबर."

आज सकाळी बघतो तर फळा गुलाबी. गुलाल त्या खरखरीत रंगात घुसून बसलाय, पुसला की पसरतो. ओलं फडकं लावायची चूक मी केली. आधी कोरड्या ब्रशने झटकायचा होता. पुढचे तीन आठवडे पांढरी अक्षरं गुलाबी फळ्यावर लिहिली, बायको म्हणाली बरं दिसतंय.

३० सप्टेंबर

कालपासून मेट्रो जमिनीखालून स्वारगेटपर्यंत सुरू झाली, मधे मंडईचं स्टेशन. कुणीतरी मंडईवरून स्वारगेटला किती मिनिटं लागली ते लिहिलं, दुसऱ्याने खाली लिहिलं "स्टेशनात उतरायला आणि चढायला लागलेला वेळ धरला का". रिक्षावाल्या काकांनी त्याखाली उभा बाण काढून "रिक्षा दारात येते".

४ ऑक्टोबर

काल घटस्थापना आणि रात्री बातमी आली की मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सकाळी उत्साहात लिहिलं. नऊच्या आत माझ्या पाच ओळींत लाल खडूने चार दुरुस्त्या. एक वेलांटी, दोन अनुस्वार, आणि "हार्दिक अभिनंदन" ला गोल करून "कोणाचे?". दुपारी पांढऱ्या खडूने कोणीतरी त्या लाल दुरुस्तीतली एक दुरुस्ती चूक आहे म्हणून दुरुस्त केली. संध्याकाळपर्यंत मूळ मजकूर वाचता येत नव्हता आणि फळ्यापुढे सात माणसं उभी राहून र्‍हस्व-दीर्घावर बोलत होती, त्यातले दोघं शेजारी राहूनही गेली काही वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आजही विषय वेलांटीचाच होता, त्यापलीकडे काही नाही.

पुढच्या आठवड्यात खंडेनवमीच्या पूजेत काकांनी त्यांचे ब्रश मांडले, आणि शेजारी माझं ते अर्धं मोडलेलं ड्रिलचं बिट ठेवलं. मुद्दाम.

१७ नोव्हेंबर, रविवार

हिशेब. एकूण खर्च ५४०० रुपये, त्यात खडूच्या बारा पेट्यांचे १८० धरले आहेत. यातले ८२० निव्वळ माझ्या अकलेचे: पहिल्या वेळचा रंग, मोडलेली बिटं, टर्पेंटाइन आणि त्यापायी लागलेला दुसरा डबा. दोन रविवारांच्या जागी फळा उभा राहायला आठ आठवडे. वर्गणी मागितली नाही, गिरणीवाल्यांनी आपणहून दोनशे दिले ते खडूत गेले. रोजचा वेळ सकाळी दहा मिनिटं, पण ती दहा मिनिटं रोजच लागतात.

पुन्हा करायचं झालं तर पत्र्याच्या भानगडीत पडणार नाही, कडा आधी रंगवीन आणि भिंत ठोकून बघितल्याशिवाय ड्रिल विकत घेणार नाही.

गेला आठवडाभर मी कामासाठी नाशिकला होतो. फळ्याचं कुणाला सांगून गेलो नव्हतो, विसरलोच. काल रात्री आलो तर डावीकडचा कोपरा बरोबर होता, "आज सम", मामांच्या अक्षरात. खाली २०ला मतदान, शिंप्याच्या दुकानात आता मोबाइल रिपेअरिंगवाला येतोय, दळण शनिवारी बंद, आणि खानावळीच्या ताईंच्या अक्षरात "फळावाले दादा गावाला गेले आहेत, चुका असतील तर त्या आमच्या".

मोबाइलवाल्याला शटर वर करायला लागणार, म्हणजे माझे दोन आकडे ज्या पेटीला आहेत ती उघडणार. उद्या वेल्डरला फोन करायचाय.